बावडीच्या चाळीचं शेवटचं गाऱ्हाणं

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, पण आजवर साधी कमेंटसुद्धा केली नव्हती. खरं सांगायचं तर अर्धे किस्से वाचून हसलोय. माझी नोकरीच तशी आहे — विमा कंपनीत, क्लेम डिपार्टमेंटला. समोरचा रडत रडत काही सांगत असला तरी आधी 'प्रूफ काय?' हे विचारायचा पगार मिळतो मला. बायको म्हणते, तुझ्यासमोर यम येऊन उभा राहिला तर त्याचंही आयकार्ड मागशील. भूतप्रेत, चकवा, लागीर यातलं मी काहीच मानलं नाही, आणि खरं तर आजही मानत नाही.

म्हणूनच हे सांगायला इतके दिवस लावले. जे घडलं ते भर दुपारी घडलं, झगझगीत दिव्यांत, गारेगार एसीत, बऱ्याच माणसांसमोर. आणि प्रूफ म्हणाल तर... ते आहेही आणि नाहीही.

लालबागच्या मार्केटवरून चिंचपोकळी स्टेशनकडे निघालात की वाटेत हल्ली काचेची एक भलीमोठी इमारत लागते. खाली मॉल, वर हॉटेल. नाव घेत नाही, उगाच नोटीस यायची. त्या जागेवर आमची चाळ होती. कागदोपत्री तिला कुणा शेठच्या आईचं नाव होतं, पण म्हणायचे सगळे बावडीची चाळ, कारण अंगणात एक विहीर होती. तिचं पाणी कुणी वापरत नव्हतं, वर लोखंडी जाळी टाकलेली. कठड्याला लागून एक साधा काळा दगड होता. तो राखणदार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा कोकणातल्या लोकांची समजूत अशी की प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. जागा त्याची, आपण नुसते राहायला आलेले. वर्षातून एकदा, देवदिवाळीला, त्याला नारळ द्यायचा आणि जे मागायचं, सांगायचं, कबूल करायचं ते सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने सांगायचं. याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एकजण बोलतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' म्हणजे हो, आम्हाला मान्य, आम्ही याला साक्षी.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचे ते आबा परब. बसचे रिटायर्ड कंडक्टर. आयुष्यभर 'पुढे चला' ओरडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की अंगणात खाकरले तर तिसऱ्या मजल्यावरची पोरं अभ्यासाला बसायची. माणूस काही संत वगैरे नव्हता हं. रमीत पत्ते लपवायचे, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. गॅलरीत कुणी ओले कपडे वाळत घातले की भांडायचे. स्वतःच्या आवाजाचा तर इतका गर्व, की गणपतीत लाऊडस्पीकर लावला तर रुसून घरात बसायचे.

पण गाऱ्हाण्याच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. जे खरं नाही ते बोलायचं नाही. एकदा तांबेकाकांनी त्यांना सांगितलं, "आबा, माझा मुलगा आता दारू सोडणार, एवढं गाऱ्हाण्यात घाला." आबा म्हणाले, "तो माझ्या फुडे येवन सांगूंदे. मगे घालतंय." मुलगा काही आला नाही आणि ते वाक्य काही घातलं गेलं नाही. तांबेकाकांनी वर्षभर अबोला धरला, पण आबा ढिम्म. त्यांचं म्हणणं एकच — "जो व्हय म्हणता तो बांधलो. म्हणान खोट्याक व्हय म्हणूचा नाय, आणि दुसऱ्याक म्हणूक लावूचा नाय."

आता मी. मी नंदू. आमचंही मूळ घर कुडाळकडचं, पण वडील हेडक्लार्क, घरात 'शुद्ध बोला' असा दंडक. त्यामुळे मालवणी मला कळते, बोलता येत नाही. चाळीत शिकलेला म्हणून लोकांनी मला कमिटीचा सेक्रेटरी केलं, आणि रिडेव्हलपमेंटचं घोंगडं माझ्या गळ्यात आलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही होतं. बिल्डरच्या ऑफिसात कॉफी, प्रेझेंटेशन, 'नंदू सर, नंदू सर'. पुढच्या बाजूला मॉल आणि हॉटेल, मागच्या बाजूला आमचा टॉवर, प्रत्येकाला स्वतःचा संडास. सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहून ज्याचं लहानपण गेलंय त्याला विचारा या एका वाक्याची जादू. सगळ्यांनी सह्या केल्या. राहिले एकटे आबा.

मी त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांची मुलगी सुलू चहा करत होती. सुलू माझ्याच बरोबरीची, शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, आबांचं सगळं तीच बघायची. मी नकाशा उलगडून आबांना अर्धा तास समजावलं. त्यांनी नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाव खय आसा ह्येच्यात?" त्यांनी विचारलं.

"बावडी बुजवणार आबा. पण राखणदाराला नवीन टॉवरच्या खाली छान घुमटी बांधून देणार. तसं कबूल केलंय त्यांनी."

"आणि आमका हयच परत आणतले?"

"इथेच. माझा शब्द आहे तुम्हाला."

आबांनी चष्मा लावला. "तुझ्या शब्दार करतंय हां झिला. त्या कोटवाल्याच्या नाय." आणि सही केली. सुलूने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "नंदू, नीट बघ रे बाबा. ते नाही म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं."

चाळ रिकामी करायच्या दिवशी रस्त्यावर टेम्पो लागलेले, खाटा-कपाटं जिन्यावरून उतरत होती, बायका रडत होत्या, हसतही होत्या. सगळे बावडीपाशी जमले. जागा सोडताना राखणदाराची रजा घ्यायची असते. नारळ आणला, अगरबत्ती लावली, आणि सगळे आबांच्या तोंडाकडे बघायला लागले. आबांनी मान हलवली.

"रजा घेवची तर खय जातंव आणि कधी येतंव ता त्येका सांगूक होया. माका म्हायत नाय. तुका म्हायत आसा?"

मी म्हटलं, "आबा, अ‍ॅग्रीमेंट झालंय."

"मगे अ‍ॅग्रीमेंटच वाचून दाखव त्येका."

लोक हसले. मला मात्र ते झोंबलं. एवढं सगळं मी धावपळ करून जमवलं आणि हा म्हातारा ऐन वेळी चारचौघांत माझी फिरकी घेतो! मी पुढे झालो, नारळ हातात घेतला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. माझ्या शुद्ध मराठीत. आतापर्यंत सांभाळलंस तसं पुढेही सांभाळ, वगैरे. लोक 'व्हय म्हाराजा' म्हणत गेले तसा मला चेव चढत गेला. शेवटी मी म्हणालो, "आज जेवढी माणसं इथून चालली आहेत, तेवढी सगळी याच जागेवर परत येतील. हा माझा शब्द."

"व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ ओरडली. कबुतरं उडाली. आबा तोंड मिटून उभे होते.

मग टेम्पोत चढताना मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "तू देवाक सांगूक नाय झिला. देवाक फुडे करून आमका सांगलंस."

बहुतेकांची ट्रान्झिटची, म्हणजे टॉवर होईपर्यंत राहायची, सोय अँटॉप हिलकडे झाली, एका जुन्या बिल्डिंगमध्ये. मी तिथे गेलो नाही. सासऱ्यांचा शिवाजी पार्कजवळचा फ्लॅट रिकामा होता, आम्ही तिकडे राहायला गेलो. सकाळी पार्काला एक चक्कर, मग नाश्ता, मग ऑफिस. हेही सांगून टाकलेलं बरं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल, मुंबईत घरोघरी हीच कहाणी आहे. आधी मॉल उभा राहिला. मग त्याच्यावर हॉटेल चढलं. आमच्या टॉवरचे खांब तेवढे वर आले आणि थांबले. कधी परवानगी अडली, कधी कोर्टात काहीतरी, कधी नवा पार्टनर येणार. बिल्डरच्या ऑफिसात आता आम्हाला 'फेज टू' म्हणायला लागले. कॉफी बंद झाली. चाळीतली तीन-चार म्हातारी माणसं त्या ट्रान्झिटमध्येच गेली. प्रत्येक वेळी स्मशानात कुणीतरी माझ्याकडे बघायचं आणि मी चपलेकडे बघायचो.

आबांना भेटायला मी महिन्याकाठी जायचो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण नाही, 'ये झिला, बस, सुलू चाय टाक' एवढंच. त्या खोलीच्या भिंतींवर मात्र काहीही नव्हतं. कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. गावच्या वेतोबा देवाचा फोटो, आबांच्या बायकोचा हार घातलेला फोटो, सगळं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. सुलू केर काढताना ते उचलायची आणि परत तिथेच ठेवायची. मी एकदा न राहवून म्हटलं, "आबा, एखादा खिळा मारून लावून टाका ना वर."

"दुसऱ्याच्या भिंतीक खिळो कित्याक मारूचो?" ते म्हणाले. "आपल्या घराक गेल्यार लावया."

मी चहा कसाबसा संपवून उठलो. त्यानंतर महिन्याची भेट दोन महिन्यांवर गेली. पायांना सूज, दम लागणं, आबांचं दुखणं वाढत गेलं, आणि मला जेवढं जायला हवं होतं तेवढाच मी कमी जायला लागलो.

अशात एक दिवस हॉटेलच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. रिया नाव. हॉटेलच्या ओपनिंगला बिल्डरच्या कंपनीचे चेअरमन येणार होते, आणि त्यांना काहीतरी 'ऑथेंटिक लोकल' हवं होतं.

"सर, ते तुमचं ट्रॅडिशनल असतं ना, होय महाराजा वालं? मी रील्समध्ये बघितलं. इट्स सो पॉवरफुल! आमच्या कॉफी शॉपचं नावपण 'बावडी' ठेवलंय आम्ही, तुमच्या मेमरीमध्ये. तर तिथेच करू या ना! तुमची सगळी कमिटी येऊ दे, लंच आमच्याकडे. आणि सर, एक लाइन प्लीज टाकाल? की इथले मूळ रहिवासी सगळे परत आलेत, हॅपी आहेत, असं काहीतरी. चेअरमन सरांना छान वाटेल."

मी हो म्हणालो. कारण मनाशी असं धरलं की या निमित्ताने चेअरमनला गाठून टॉवरचं विचारता येईल. आणि दुसरं कारण, किती दिवसांनी कुणीतरी 'सर' म्हणत होतं. त्या वाक्याची सोय मी क्लेमवाल्या डोक्याने लगेच लावली. कमिटीची माणसं त्या दिवशी तिथे येणारच होती, म्हणजे आली की परत! शब्दशः बघितलं तर खोटं नव्हतं.

आदल्या दिवशी अँटॉप हिलला गेलो. आबा खाटेवर पडून होते, तोंडाचं पार बोळकं झालेलं. सुलूने त्यांना कार्यक्रमाचं सांगितलं होतं वाटतं.

"उद्या गाऱ्हाणा घालतलंस?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"हो आबा. आपलं दोन-चार ओळी."

"काय सांगतलंस?"

मी त्यांची उशी सारखी करायला लागलो. त्यांनी माझा हात चाचपून धरला. "खरा सांग. व्हय म्हणूक मी आसय."

"तुम्ही या अशा तब्येतीत कुठे येताय आबा..."

"ता माझा मी बघतंय," ते म्हणाले आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कमिटीचे सातआठ जण इस्त्रीचे कपडे घालून त्या हॉटेलात गेलो. दारावर सिक्युरिटीने आमच्या पिशव्या तपासल्या. आमच्याच अंगणात, आमच्या पिशव्या! तांबेकाका मला कोपर मारून म्हणाले, "नंद्या, इथे नळ होता ना रे?" तिथे आता कारंजं होतं.

तळमजल्यावरच्या कॉफी शॉपमध्ये मधोमध एक विहीर बांधली होती. फायबरची. दगडासारखा रंग मारलेला, आत निळे दिवे आणि प्लॅस्टिकची कमळं. मी अंदाज घेतला, मागच्या गल्लीतली मशिदीची भिंत तेवढी अजून जागेवर होती, तिच्यावरून ताडून बघितलं. आमची खरी बावडी बरोबर त्याच्या खाली येत होती. रियाला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बावडी बुजवून वर काँक्रीट ओतलं तेव्हा मी स्वतः उभा राहून बघितलंय, तेव्हा खाली पोकळी वगैरे काही नाही हे आत्ताच सांगतो.

सनईची रेकॉर्ड बारीक आवाजात चालू होती. चेअरमन, त्यांची माणसं, वेटर, फोटोग्राफर, सगळे गोल करून उभे राहिले. रियाने त्यांना 'व्हय म्हाराजा' कसं म्हणायचं ते शिकवून ठेवलं होतं. मी नारळ हातात घेतला.

"बा देवा महाराजा, आज या नव्या वास्तूत आम्ही सगळे तुझ्यासमोर उभे आहोत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे हौसेने ओरडले, आणि हसले.

"या वास्तूला यश दे, इथे येणाऱ्या-जाणाऱ्याला सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

मग मी ते वाक्य म्हटलं. "ज्यांची ही जागा, ती सगळी माणसं आज आनंदाने इथे परत आली आहेत..."

आवाज आला नाही.

नीट समजून घ्या. लोक गप्प राहिले असं नाही. समोर तांबेकाकांचं तोंड उघडलेलं दिसलं, मिटलेलं दिसलं. रियाचं दिसलं. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, मी ओठ वाचू शकत होतो. पण ऐकू काहीच आलं नाही. माझे कान गेले म्हणावं, तर सनई चालू होती ती स्वच्छ येत होती. कुणाच्या तरी हातातला चमचा बशीवर वाजला, तोही आला. फक्त तो होकार तेवढा नव्हता.

मी घसा साफ केला आणि वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. तोंडं हलली आणि सनई वाजत राहिली. माझ्या हातातला नारळ घामाने निसटायला लागला. तिसऱ्यांदा सुरुवात केली तर माझाच आवाज मला ऐकू येईना. रिया लांबून 'पुढे चला' अशी खूण करत होती.

मी त्या फायबरच्या विहिरीकडे बघितलं. निळे दिवे, कमळं. आणि मी बोलायला लागलो... मालवणीत. मंडळी, मला मालवणी बोलता येत नाही. वडिलांनी कधी बोलू दिलं नाही. शब्द कुठून आले, विचारू नका.

"बा देवा म्हाराजा. आमी परत येवक नाय. मी ह्येंका शब्द दिललंय, तो मी पाळूक नाय. हयल्या माणसांनी घरां सोडल्यानी ती माझ्या सांगण्यार. मी बऱ्या घरात ऱ्हवतंय, आणि आबा थय दुसऱ्याच्या घरात पडान आसा. आता हय आमचा काय एक ऱ्हवला नाय. ह्या मी तुझ्या नावान खोटा बोललंय, ता पदरात घे."

आणि खालून आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

एकच आवाज. खणखणीत, जरा ओढलेला, 'पुढे चला'च्या चालीचा. बावडीच्या अंगणात लहानपणापासून हजार वेळा ऐकलेला. तो त्या फायबरच्या कठड्याच्या आतून आला. आणि त्याच्या पाठोपाठ बरेच आवाज, बायका, पुरुष, खोकणारी म्हातारी माणसं, चाळ भरलेली असताना यायचे तसे. "व्हय म्हाराजा." मग सगळं शांत.

चेअरमनना काही कळलंच नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कुणीतरी माझ्या हातातला नारळ घेऊन फोडला. तांबेकाका पांढरेफटक पडले होते. "नंद्या, हे काय बोललास तू?" एवढंच म्हणाले. मी विचारलं, "काका, आवाज ऐकलात?" ते बाहेर निघून गेले, जेवायलाही थांबले नाहीत.

माझा फोन वाजत होता. सुलू.

"नंदू, आबा सकाळपासून डोळे उघडत नव्हते रे. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले नातेवाइकांना कळवा. आणि आत्ता उठून बसले! मोठ्याने 'व्हय म्हाराजा' ओरडले, शेजारचे धावत आले. मी रडत्येय आणि ते माझ्यावरच खेकसतायत. खिळा मागतायत."

"काय मागतायत?"

"खिळा. आणि हातोडी. तू येशील का? मला काही सुधरत नाहीये."

मी टॅक्सी करून गेलो. तिथे काय झालं ते शेवटी सांगतो, आधी प्रूफचं सांगून टाकतो.

हॉटेलच्या पोराने त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ काढला होता. रियाकडून तो मागून घेतला. त्यात पहिले दोन 'व्हय म्हाराजा' व्यवस्थित ऐकू येतात. त्या तिसऱ्या वाक्याला लोकांची तोंडं हलतात आणि सनई तेवढी ऐकू येते. ऑफिसातल्या एका ओळखीच्याने, जो ऑडिओचं काम जाणतो, बघून सांगितलं की माइकचा काहीतरी प्रॉब्लेम. मी म्हटलं, मग सनई कशी आली? तो म्हणाला, बघतो. अजून बघतोय. माझं मालवणी बोलणं व्हिडिओत आहे. त्यानंतरचा तो आवाज मात्र त्यात नाही. एवढंच दिसतं की माझं बोलणं संपल्यावर तिथली सगळी माणसं, चेअरमनसकट, एकदम मान वळवून त्या विहिरीकडे बघतात. नंतर मी एकेकाला विचारलं. कुणी म्हणालं काच फुटल्यासारखं वाटलं, कुणी म्हणालं तू तिकडे बघितलंस म्हणून आम्ही बघितलं. क्लेम म्हणून हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मीच नामंजूर केलं असतं.

सुलूने फोनवर किंवा कुणाकडून ऐकून आबांना सांगितलं असेल का, हाही विचार केला. पण कार्यक्रम कुणी लाइव्ह दाखवत नव्हतं, आणि माझं ते बोलणं मलाच आधी ठाऊक नव्हतं.

टॉवरचे खांब अजून तेवढेच आहेत. चेअरमनला मी त्या दिवशी भेटलोच नाही. आबा त्यानंतर काही महिन्यांनी त्या अँटॉप हिलच्या खोलीतच गेले, झोपेत. गाऱ्हाणं घालायला लोक आता मला बोलावतात. मी जात नाही.

आता ते टॅक्सी करून गेलो तेव्हाचं.

आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तरतरी. सुलूने शेजारून हातोडी आणून ठेवली होती, खिळे मी खालच्या दुकानातून घेतले. मी आल्या आल्या म्हणालो, "आबा, माझं चुकलं." रडायलाच आलं मला, लाज सोडून सांगतो.

"ता थय सांगलंस मा?" आबा म्हणाले. "माका परत कित्याक सांगतंस? खिळो मार."

"आबा, तुम्ही दुपारी... तुम्ही कुठे होतात?"

"हयच. खय जातलंय?" आणि हसले, रमीत पत्ता लपवल्यावर हसायचे तसे. "मार, मार. सरळ मार. आणि जरा वर."

मी वेतोबाच्या फोटोसाठी खिळा धरला. जुनी भिंत, चुना गळत होता. पहिला वाकला, दुसरा बसला. सुलूने फोटो पुसून दिला, मी अडकवला. मग शेजारी दुसरा खिळा, आबांच्या बायकोचा फोटो. इतकी वर्षं जमिनीवर टेकलेले ते फोटो वर गेले आणि ती खोली पहिल्यांदा घरासारखी दिसायला लागली. मला वाटलं आबा खूश झाले, आपल्याला माफ केलं. मी जरासा हसलोसुद्धा.

"घट बसलो?" आबांनी विचारलं.

मी ओढून बघितला. "बसला आबा. आता निघणार नाही."

"बरा झाला," ते म्हणाले. मग सुलूकडे वळून, अगदी सहज, भाजी काय करायची हे सांगावं तसं म्हणाले, "सुलू, आता बॅगो सोड. परत जावचा नाय आपणाक. ह्याच घर."

खाटेखाली चाळीतून आणलेल्या दोन बॅगा होत्या. इतकी वर्षं उघडल्याच नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. सुलू खाली बसून एकेक दोरी सोडायला लागली, आणि मी हातोडी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

तो आवाज कुणाचा होता, कुठून आला, कुणाला काही सांगता आलं तर जरूर सांगा, मला अजून कळलेलं नाही. खिळा मात्र मी मारला.